लाखोळीची कमिटी

लाखोळी फुलली की मला माझ्या धाकट्या बहिणीचा हेवा वाटू लागतो. दोघींचेही केस आता पांढरे झालेत, दोघींनाही नातवंडं आहेत. तरी माघ लागला आणि धान कापून रिकाम्या पडलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, ती निळी-जांभळी फुलं उघडली, की माझं मन त्या एका साली जाऊन बसतं. यंदा महाशिवरात्रीला सुनेसोबत एस.टी.नं मार्कंड्याच्या जत्रेला निघाले होते. आमच्या मूल गावाची वस्ती मागे पडली आणि तलावाखालच्या शेतांत बांधीमागून बांधी निळी दिसायला लागली. खिडकीशी बसलेली सून म्हणाली, "आई, कसं छान दिसून राह्यलं ना!" मी हो म्हटलं. छान तर दिसतच होतं. पण मला त्या फुलांमधून, पांढरं पातळ नेसून, छातीशी कागदांचा गठ्ठा धरून चालणारी अठरा वर्षांची सुमन दिसत होती.

ज्यांनी आमचा झाडीचा मुलूख पाहिला नाही त्यांना लाखोळी काय ते सांगायला हवं. धान अजून उभं असतं, बांधीत चिखल असतो, तेव्हाच तिचं बी हातानं फेकून देतात. तिला नांगर लागत नाही, पाणी लागत नाही, राखण लागत नाही. वरचं धान कापून नेलं की खालची हिरवळ डोकं वर काढते. पौषात तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी, माघात हिरव्या शेंगा, फाल्गुनात डाळ. तिची डाळ दिसायला तुरीसारखीच, जरा चपटी. वडे फार खुसखुशीत होतात. पाऊस दगा देतो त्या साली धान पोचट निघतं, पण लाखोळी येतेच. गरिबाच्या घरी तीच पेज, तीच भाजी, तीच भाकर. आणि नुसती तीच खाऊन राहिलं, महिनोन्‌महिने, तर माणसाच्या पोटऱ्या ताठतात. टाच टेकत नाही. चवड्यावर चालावं लागतं, मग गुडघे एकमेकांवर घासायला लागतात, मग एक काठी येते, मग दोन. दुखत नाही काही. पाय फक्त आपले राहत नाहीत.

हे आज मी सरळ सांगते. तेव्हा गावात असं कोणी बोलत नसे. कोणी म्हणे पायावरून वारं गेलं, कोणी म्हणे बाहेरचं काही लागलं.

आई डाळ आदल्या दिवशी भिजत घालायची. सकाळी ते पाणी फेकायची, मग मोठ्या गंजात भरपूर पाणी घालून उकळायची आणि तेही पाणी परसात ओतून द्यायची. त्यानंतर कुठे शिजवायची. असं काऊन करते म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "उग्रपणा जाते तिचा. माही माय करे, म्हणून मी करतो." एवढंच. माझी चौथी झाली आणि आई गेली. पाटी ठेवली आणि चुलीपुढे बसले. सुमन माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तिला बाबांनी चांद्याला, आताच्या चंद्रपूरला, मावशीकडे शिकायला धाडलं. "एकीनं घर पाहावं, एकीनं शिकावं," असं बाबा म्हणाले, आणि वाटणी करताना मला विचारायचं राहून गेलं. सुमन सुट्टीत यायची तेव्हा तिच्या वहीतली अक्षरं मी ओल्या हातानं पुसून जातील म्हणून लांबून बघायची. मॅट्रिक होऊन ती घरी परत आली त्याच साली पाऊस भादव्यात थांबला, धान दाण्यावर येईना, आणि माघापर्यंत आसपासच्या गावांतून चवड्यावर चालणारी माणसं दिसायला लागली.

मग कमिटी आली.

आजकाल कमिटी म्हटलं की कुणी मान वर करत नाही. तेव्हा आमच्या गावात तो शब्दच नवा होता. सरकारनं चार जाणती माणसं नेमली होती. लाखोळी खावी की न खावी, बाजारात विकू द्यावी की बंद करावी, याचा सल्ला त्यांनी सरकारला द्यायचा. एक म्हातारे डॉक्टर, ते अध्यक्ष. एक शेतकीचे साहेब. एक रसायनाचे जाणकार, त्यांच्या पेटीत काचेच्या नळ्या आणि सोनाराकडे असतो तसला इवला तराजू. आणि एक डॉक्टरीणबाई, नागपूरच्या, खादीचं पातळ नेसणाऱ्या, मोठ्या हसऱ्या. गावात राहण्याजोगं घर आमचंच. आमच्या ओसरीवर त्यांच्या खाटा पडल्या, आणि तिथूनच ते पंचक्रोशीतली गावं फिरायचे, अगदी नदीपल्याडच्या गडचिरोलीकडच्या वस्त्यांपर्यंत.

डॉक्टरीणबाईंना घराघरांत शिरायचं होतं. चुलीवर काय शिजतं, कोण किती जेवतं, हे पुरुषांना विचारून कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी सोबत एक बाई हवी होती, आमची बोली समजणारी. पहिल्या दिवशी त्या माझ्याच स्वयंपाकघरात आल्या. मी भाकरी थापत होते. म्हणाल्या, "तुझी सगळ्या घरांत ओळख असेल ना? येशील माझ्याबरोबर?"

माझा हात थांबला. मी हो म्हणणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "लिहिता येतं ना? तक्ते भरायचे आहेत."

"चौथी झाली माही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या पिठाच्या हातांकडे पाहिलं. तेवढ्यात सुमन पाण्याची कळशी घेऊन मागच्या दारानं आत आली. पुढचं सांगायला नको.

दुसऱ्या दिवसापासून सुमन सकाळी पांढरं पातळ नेसून, केसांना तेल लावून, बाईंच्या मागे निघायची. तिला शाईचा पेन मिळाला, छापील तक्त्यांचा गठ्ठा मिळाला. संध्याकाळी ओसरीवर बैठक बसायची तेव्हा तिच्यासाठी खुर्ची मांडलेली असायची. आमच्या घरात बाईमाणूस खुर्चीवर बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ती माझी धाकटी बहीण होती. मी चहाचे कप घेऊन जायची. अध्यक्ष म्हणायचे, "सुमनबाई, आजचं सांगा." आणि मला म्हणायचे, "थोरल्या बाई, साखर जरा कमी."

स्वयंपाकघरात माझ्याशी "मले, तुले" बोलणारी सुमी ओसरीवर "मला, तुम्हाला" बोलायची. एकदा कुणी नसताना मी चुलीपुढे हळूच म्हणून पाहिलं, "मला असं वाटतं..." माझ्या तोंडात ते दुसऱ्याच्या चपलेसारखं झालं. चुलीतली राख ओढून त्यात बोटानं 'लाखोळी' लिहिलं. ळ चुकला. राख फुंकून टाकली.

हेवा हा पदार्थ मी चांगला ओळखते. तो राग नाही. राग आला की माणूस बोलतो, आदळआपट करतो. हेवा माणसाला फार नीटनेटकं करतो. त्या दिवसांत मी सुमनच्या पातळाला स्वतः खळ घालून द्यायची. तिचं ताट आधी वाढायची. बाबा पारावर सांगायचे, "आमची सुमन कमिटीत हाये," आणि कुणी मला विचारलं तर मीही हसून "हो ना" म्हणायची. आणि आतल्या आत वाट पाहायची, की तिचं एकदा तरी चुकावं. सगळ्यांच्या देखत चुकावं.

तो मोका सीतेनं आणून दिला.

सीता माझी मैत्रीण, ढिवराच्या घरची. तिचा नवरा दामा आमच्याकडे सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. चैत्रात साल संपतं, मालकाला वाटलं तर पुढचं साल, नाही तर नमस्कार. उरल्या वेळात तो तळ्यात जाळं टाकायचा, पण त्या साली तळ्यात चिखलच उरला होता. धान नव्हतं म्हणून बाबांनी त्याला खायला लाखोळीच दिली होती. बाबांच्या मनात काही वाईट नव्हतं. जे घरात होतं ते दिलं.

तळ्याच्या उरल्यासुरल्या पाण्यावर आम्ही दोघी कपडे धूत होतो. सीता एकदम थांबली. म्हणाली, "मथुराबाई, माह्या माणसाच्या पायाले काही तरी होऊन राह्यलं."

"का होते?"

"पोटऱ्या लाकडावानी झाल्या. सकाळी उठले का भिंत धरते. परवा धुऱ्यावर दोनदा पडला." धुरा म्हणजे बांधीची पाळ, दामा लहानपणापासून तिच्यावरून पळत आलेला माणूस. "कोणाले सांगजो नको. तुह्या बाबाले तं नाईच. चैतात ठेवणार नाई त्याले. लंगड्या गड्याले कोण ठेवते?"

"कमिटीच्या बाईले दाखव ना."

"कमिटी तुमच्याच ओसरीवर बसते बाई. तिथी सांगतलं का गावात सांगतलं."

मी तिला वचन दिलं. ते खरंच दिलं होतं, मैत्रीण म्हणून. पण त्याच दिवशी दुपारी सुमन आणि डॉक्टरीणबाई सीतेच्या घरी गेल्या. सीतेनं डोक्यावर पदर घेऊन सांगितलं, की आमच्या घरी भात होते, तुरीची डाळ होते, कधीमधी मासोळी. दामा दाराशी बसून होता, उठलाच नाही. सुमननं तसंच लिहिलं. संध्याकाळच्या बैठकीत तिनं आमच्या गावाचा तक्ता वाचून दाखवला. आवाज स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. शेवटी म्हणाली, "आमच्या गावात एकही रोगी आढळला नाही."

बाबांचा चेहरा फुलला. अध्यक्ष म्हणाले, "हे गाव तपासायला हवं. इथे लाखोळी खातात आणि तरी कुणाला काही नाही, म्हणजे काहीतरी वेगळं आहे." सगळे माना हलवायला लागले. मी कप उचलत होते. सुमन चुकली होती. सगळ्यांच्या देखत चुकली होती आणि ते फक्त मला कळलं होतं. आत जाऊन मी कप धुतले. सणाच्या दिवशी वाटावं तसं मला वाटत होतं.

मी स्वतःला समजावत होते, की सीतेला वचन दिलंय. वचन होतंच. पण मी त्याच्या आडोशाला उभी राहून दुसरंच काही करत होते, हे तेव्हाही मला माहीत होतं. त्याचा पुरावा दोनच दिवसांत मिळाला. डॉक्टरीणबाई माझ्या हातचे वडे खात होत्या, शेजारी सुमन बसली होती. बाई म्हणाल्या, "इतर घरांत खाल्ले त्यांना एक उग्र वास होता. तुझ्या डाळीला नाही. काही वेगळं करतेस का गं?"

इथे तर कुणाला दिलेलं वचन नव्हतं. आईची रीत होती, माझ्या हातात होती, त्या चार जाणत्या माणसांपैकी कुणाला ती माहीत नव्हती. सांगितलं असतं तर बाईंनी लगेच म्हटलं असतं, सुमन, लिही. म्हणजे मी सांगायचं आणि तिच्या अक्षरात ते उमटायचं.

"नाई," मी म्हटलं. "सगळ्यायसारखीच करतो."

सुमननं मान हलवली. तिला काय ठाऊक. ती कधी चुलीपुढे बसलीच नव्हती.

तीन आठवडे असे गेले. बाहेर पळस पेटले होते, मोहाची फुलं पडायला लागली होती, पहाटे बायका टोपल्या घेऊन रानात जायच्या आणि दुपारी अंगणाअंगणांतून तो गोड, जड वास सुटायचा. लाखोळी पिवळी पडून उपटणीला आली. दामा रोज परभारे शेतावर कामाला यायचा, ओसरीकडे फिरकत नसे. मी त्याच्या पावलांकडे बघायची. पहिल्या आठवड्यात तो टाच जरा उचलून टाकायचा. तिसऱ्यात उजवा पाय डाव्यासमोर येऊन पडायचा. मी बघायची आणि घरात यायची आणि सुमनसाठी पाणी तापवायची.

कमिटी गावातून हलली. दोन दिवस मूलच्या डाक बंगल्यावर राहून कागद नीट लावायचे आणि मग नागपूरला जायचं, असं ठरलं होतं. सुमनही त्यांच्यासोबत मूलला गेली, तक्ते उतरवून द्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खळ्यावर न्याहारी घेऊन गेले. दामा लाखोळीचा भारा डोक्यावर घेऊन येत होता. खळ्याच्या तोंडाशी त्याचे दोन्ही गुडघे एकमेकांत अडकले आणि तो भाऱ्यासकट पडला. मी धावले. भारा बाजूला केला. त्यानं उठायचा प्रयत्न केला. हात टेकले, कंबर उचलली, पण पाय कात्रीसारखे मिटलेलेच राहिले. तो माझ्याकडे बघून हसला.

"झोपले बाई पाय," म्हणाला. "थोडं बसतो म्हणजे उठतीन."

तो उठेना. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला भाऱ्याला टेकवून बसवलं. लहानपणी या माणसानं मला आणि सुमनला दोन्ही खांद्यांवर घेऊन तळ्याची पाळ पळून दाखवली होती. आता तो स्वतःचाच पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ करत होता.

मी घरी आले. बाबा ओसरीवर होते. त्यांना म्हटलं, "बंडी जुपतो. दामाले मूलले नेतो, कमिटीपाशी."

"का झालं त्याले?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. बाबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "लोक म्हणतीन, मीच त्याले लाखोळी चारून लुळा केला."

"चारली तं होती ना बाबा."

त्यांनी मान वर केली. मला वाटलं आता हात उगारतील. ते उठले, गोठ्यात गेले आणि स्वतः बैल सोडून आणले. बंडीत तणस टाकलं. दामाला आणि सीतेला बसवलं. सीता माझ्याशी बोलत नव्हती. मी वचन मोडलं होतं. बंडी मीच हाकली.

मूलच्या डाक बंगल्याच्या व्हरांड्यात मोठं टेबल होतं आणि टेबलावर कागदच कागद. म्हाताऱ्या डॉक्टरांनी दामाला खुर्चीवर बसवलं आणि एका इवल्या हातोडीनं गुडघ्यावर टकटक केलं. पाय असा उडाला की समोरचं स्टूल लांब गेलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या, "काय काय खातो हा? सगळं सांग. सावकाश सांग."

मी सांगितलं. दिवाळीपासून दोन्ही वेळ लाखोळी. खायला घरातून काय दिलं ते. त्या आळीतल्या आणखी दोन घरांत कोण भिंत धरून उठतो ते. तेही मला माहीत होतं. सीतेच्या घरी डाळ कशी शिजते ते. आमच्या घरी कशी शिजते ते. दोनदा पाणी फेकायचं, ही आईची रीत. रसायनाचे जाणकार खुर्ची ओढून जवळ आले आणि मला परत परत विचारायला लागले, किती पाणी, किती उकळी, पाण्याचा रंग कसा. माझ्या आयुष्यात चार शिकलेली माणसं माझं बोलणं अशी ऐकत बसली, ती तेवढीच एकदा.

"सुमन, लिहून घे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आणि सुमन लिहीत होती. मी बोलायची आणि ते तिच्या सुरेख, गोल अक्षरांत उतरायचं. माझी आई, माझा गंज, माझं परस, सगळं ओळीओळीनं तिच्या हाताखाली जात होतं. ऊन टेबलावर पडलं होतं आणि शाई वाळायच्या आत चमकत होती. दामाचे पाय शेजारी लटकत होते आणि मी शाईकडे बघत होते. त्या घडीलाही. हे मी लपवत नाही.

शेवटी बाईंनी विचारलं, "मथुरा, अगं, हे तू आधी का नाही सांगितलंस? पाण्याचं तरी?"

"इचारलं नाई कोणी," मी म्हटलं.

सुमनचा हात थांबला. तिनं वर पाहिलं. वड्यांच्या ताटलीशी ती माझ्या शेजारीच बसली होती; बाईंना आठवत नव्हतं, तिला आठवत होतं. मला वाटलं, आता बोलेल. ती बोलली असती तर मला बरंच वाटलं असतं. तिनं खाली मान घातली आणि पुढची ओळ लिहायला घेतली.

अध्यक्ष जाता जाता तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास सुमनबाई! तुमच्या गावानं आमचा अहवाल वाचवला." मी तोवर बाहेर येऊन बैलांना पाणी दाखवत होते.

बाकीचं लवकर सांगण्यासारखं आहे. कमिटीनं आपला सल्ला दिला. मजुरी लाखोळीत देऊ नये, इतर धान्यात मिसळून विकू नये, खायचीच तर अशी शिजवावी. सरकारनं त्यातलं किती ऐकलं, कधी ऐकलं, ते मला सांगता येणार नाही. अहवाल छापून आला तेव्हा शेवटच्या पानावर ज्यांचे आभार मानले होते त्यांत सुमनचं नाव होतं. बाबांनी ते पान वाचून घेतलं आणि देवघरात ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी सुमनला नागपूरला नेलं, नर्सचं शिक्षण दिलं. पुढच्या माघात ती सरकारी पत्रकं घेऊन गावात आली आणि पारापाशी बायकांना जमवून वाचायला लागली, "डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यावे..." मी बायकांत बसून ऐकत होते. माझ्याच आईचं सांगणं छापील कागदावरून मला कुणीतरी समजावून देत होतं.

सीता मधूनच म्हणाली, "सुमनबाई, ज्याच्या घरी पोटभर हाये थो पाणी फेकते. आमच्या पोरायले पाण्यातच कण्या टाकून देतो आमी. थेही फेकलं तं खावाचं का?"

सुमन वाचायची थांबली. तिनं तो प्रश्न पत्रकाच्या मागं लिहून घेतला. मला तेव्हाही वाटलं, हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

दामाचं साल बाबांनी मोडलं नाही. त्याला घरातले तांदूळ आणि कण्या द्यायला लागले, आणि खळ्याच्या राखणीचं बसून करायचं काम दिलं. पाय होते तिथेच थांबले. आणखी बिघडले नाहीत, सुधारलेही नाहीत. एक काठी कायमची लागली. मूलच्या त्या व्हरांड्यात म्हाताऱ्या डॉक्टरांनी हळू आवाजात बाईंना म्हटलेलं मी ऐकलं होतं, "दोन-तीन आठवडे आधी बंद केली असती तर कदाचित काठीशिवाय चालला असता. कदाचित. नक्की सांगता येत नाही." त्या 'कदाचित'वर मी किती वर्षं काढली!

लग्न होऊन मी मूलला आले. एकदा माहेरी गेले असताना खळ्यावर दामा एकटा बसला होता. मी त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं. की मला तीन आठवडे आधीपासून माहीत होतं. की सीतेच्या वचनासाठी मी चूप नव्हते, बहिणीचा तक्ता खोटाच राहावा म्हणून चूप होते.

तो काठीनं मातीत रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "चूप तं मीबी होतो बाई. मले तं माह्ये पाय दिसतच होते."

"तुमचं चूप राहणं पोटासाठी होतं, दामाभाऊ."

त्यानं ते नाकबूल केलं नाही. काठीनं त्या रेघा पुसल्या. म्हणाला, "सीतेले नका सांगू. तिचा तुमच्यावर लई भरोसा हाये. तिले थो पुरते."

म्हणून मी सीतेला सांगितलं नाही.

तिच्या मुलीचं लग्न झालं, वैशाखात. मांडवात दामा काठी मांडीवर आडवी ठेवून बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम करत होता. सुमन नागपूरहून आली होती. तेव्हा ती मोठी नर्सबाई झाली होती, चष्मा लागला होता, लोक उठून जागा देत होते. आम्ही दोघी शेजारी शेजारी जेवायला बसलो. वाढता वाढता सीता थांबली आणि वऱ्हाडातल्या बायकांना माझ्याकडं बोट दाखवून सांगायला लागली, "हे मथुराबाई. माहा माणूस आज मांडवात बसला हाये तं हिच्यामुळं. कमिटी आली, गेली, कोणाले काही दिसलं नाई. हिनं पाह्यलं. बापाच्या विरोधात गेली, सोता बंडी हाकून घेऊन गेली. नाई तं आज सरपटत असता थो."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. जे मला ओसरीवर हवं होतं, अहवालाच्या शेवटच्या पानावर हवं होतं, ते सगळं त्या मांडवात माझ्या पानात पडलं. माझा घास हातातच राहिला. मी शेजारी सुमनकडे पाहिलं. वड्यांच्या ताटलीपासूनचा तीन आठवड्यांचा हिशेब ठाऊक असणारं त्या पंगतीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं. दामा लांब होता.

सुमननं भात कालवत, अगदी सहज म्हटलं, "खरं हाये सीताबाई. मी तं नुसती लिहून घेणारी. पाह्यलं तं ताईनंच."

कितीतरी वर्षांनी ती चारचौघांत 'हाये' म्हणाली होती. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही; बघितलं असतं तर मी रडले असते, हे तिला माहीत असावं. आणि त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा खुर्चीचा नाही वाटला, छापील नावाचा नाही वाटला. एवढं मोठं काही ती इतक्या साध्या हातानं देऊन मोकळी झाली होती. मला तिच्यासाठी तसं एकदाही जमलं नव्हतं.

सीता वाकली आणि माझ्या पानात आणखी वाढलं.

"खा बाई," म्हणाली, "हक्काचं हाये तुह्या."

मी खाल्लं.